पेवातली हाक

“खाली बरं हाय, तिथं कुनी हाक मारत न्हाई.”

रुक्माबाई हे एकदा सहज बोलून गेली. ती नुकतीच पेवातून वर आली होती. केसांत भुसा, कोपरापर्यंत शेण. सासू पार्वतीबाई ओसरीवर तूर पाखडत होती. सुपावरची नजर न काढता ती म्हणाली, “मढ्याला बी कुनी हाक मारत न्हाई, माय.”

सगळे हसले. रुक्माबाईनं हात धुतले. धाकटा दीर ग्यानबा तेवढा हसला नाही. त्याच्या मनात ते बोलणं कुसळासारखं रुतून बसलं.

हट्टा गावातल्या त्या घरात गप्प बसायला जागा नव्हती. रुक्माबाईचा नवरा संतराम शेतात पाखरं हाकलता हाकलता घरातही त्याच आवाजात बोलायला लागला होता. त्यानं मीठ मागितलं तरी दारातलं कुत्रं उठून उभं राहायचं. पार्वतीबाईचं तोंड झोपेतही चालायचं. गोठा आणि चूल यांच्यामध्ये एक कूड, त्यामुळं बैलांच्या घंटा भाकरीच्या थापेत मिसळायच्या. त्यातच आदल्या थंडीत रुक्माबाईची पोरगी तापानं गेली. नुकती कुठं उंबरा ओलांडायला शिकली होती. आयाबाया आल्या, गळ्यात पडून रडल्या. रुक्माबाईच्या डोळ्याला पाणी आलं नाही. “दगूड हाय का काय,” असं कोणी म्हणालं, तेही तिनं ऐकलं. त्या गलक्यात तिच्या रडण्याला शिरायला वाट मिळाली नाही, आणि पुढं ते रडूच निघून गेलं, वाट बघून कंटाळलेला पाहुणा जातो तसं.

पेव अंगणाच्या कडेला होतं. जमिनीत खणलेलं ज्वारीचं कोठार. तोंड इतकं अरुंद की सडपातळ माणसानंच उतरावं. आत मात्र रांजणासारखं पोट. उन्हाळ्यात ज्वारी उपसली की आतला जुना कडबा काढायचा, भिंती सारवायच्या. अंगकाठीमुळं ते काम रुक्माबाईकडं आलं. बंद पेवात वाफ कोंडते, त्या वाफेनं माणूस गुदमरतो. म्हणून पेव आधी उघडं टाकायचं, मग दोरीनं कंदील सोडून बघायचा. तो विझला नाही तर वर ओढून घ्यायचा आणि माणूस सोडायचा. वर एकानं बसून हाका मारायच्या. खालून ओ आली पाहिजे. नाही आली, तर वाफ लागली. संतराम वर बसला की चिलमीच्या नादात हे विसरून जायचा.

त्या विसरण्यात रुक्माबाईला तिचं घर सापडलं होतं. सारवून झालं की ती उजेडाच्या गोलापासून दूर सरकायची, ओल्या भिंतीला पाठ लावायची. घंटा नाही, सासू नाही. पोरीची आठवणही खाली उतरत नसे. तिथं काहीच नव्हतं, आणि ते तिला पुरत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात ग्यानबा म्हणाला, “औंदा वर मी बसतो. दादाचं काय खरं न्हाई.” त्याचं लग्न ठरलं होतं, वसमतची पोरगी, तो आनंदात होता आणि आनंदातल्या माणसासारखा सगळ्यांची काळजी करत होता. पेवाच्या तोंडाशी मांडी घालून बसला आणि सुरू झाला.

“वैनी, हाय का?”

“व्हय.”

“इंचू-बिंचू तर न्हाई?”

“न्हाई.”

“वैनी, हाय का?”

“व्हय.”

“एखांदं गानं म्हना की. म्हंजे मला घडीघडी आवाज द्यायची तकलीफ न्हाई.”

सारवण संपलं. रुक्माबाई भिंतीला टेकली. वरून हाक आली. तिनं ती नीट ऐकली, आणि ओ दिली नाही. पुन्हा हाक आली. आता ओ द्यावी, असं तिला वाटलं. पण ते वाटणं ओठापर्यंत यायला फार लांब होतं. तिसरी हाक फाटलेली होती. मग उजेडाचा गोल एकदम बुजला आणि ग्यानबा धप्पकन तिच्या पायाशी येऊन पडला. दोरी न बांधताच त्यानं उडी टाकली होती.

“भावजी, काहून आलात?” ती म्हणाली.

मांडीचं हाड मोडलेला ग्यानबा दात आवळून हसला. “वैनी! जित्या हाव!” आणि वर तोंड करून ओरडला, “दादा, सुद्दीवर आली रे वैनी!”

वर सगळा गाव जमला. वाफ लागली होती ना, म्हणून तिला जो तो विचारत होता. ती म्हणाली, “व्हय.”

हाड वाकडं बसलं. पुन्हा नांगर धरणं झालं नाही. वसमतची सोयरीक मोडली, दुसरी आली नाही. पार्वतीबाईनं पेवावर मोठा दगड लोटला आणि तिथं वासरू बांधलं. ग्यानबाची बाज ओसरीवर आली ती आलीच. त्याच्याजवळ एवढीच गोष्ट उरली, की आपण वहिनीचा जीव वाचवला. ती तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. आणि बाजेवरून दिवसभर हाक घालायचा, “वैनी, हाय का?” घरात कुठंही असली तरी रुक्माबाई म्हणायची, “व्हय.” त्याशिवाय तो घास तोंडात घालत नसे. त्यात माया होती, हे तिला कळत होतं. कळून काही होत नव्हतं.

मग गडबडीचं साल आलं. रझाकारांच्या भीतीनं बाळापूरकडचे सोयरे लेकराबाळांसह हट्ट्याला येऊन राहिले. पाय ठेवायला जागा नाही. रोज नवी अफवा, रोज नवं रडणं. पोरं ग्यानबाची नक्कल करत फिरायची, “वैनी, हाय का?” आणि एकमेकांना “व्हय” म्हणून खिदळायची. ग्यानबाला ऐकणारे मिळाले होते. त्याच्या तोंडावर तेज आलं होतं.

त्या दुपारी ओसरी भरली होती. रुक्माबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती.

“मंग काय केलंत, भाऊ?” सोयऱ्यांतली आशाबाई म्हणाली. तिनं ही गोष्ट आधी ऐकली होती, तरी विचारलं.

“काय करतो! पेवात मुंडकं घातलं आन् अश्शी हाक मारली.” ग्यानबा कोपरावर उठला. “वैनी, हाय का?”

इथं रुक्माबाईनं “व्हय” म्हणायचं, सगळ्यांनी हसायचं, आणि मग तो सांगायचा, “तवा मातर आवाज न्हाई.” इतकी वर्षं असंच चाललं होतं.

रुक्माबाईनं सूप खाली ठेवलं.

“वैनी?” ग्यानबा हसतच म्हणाला. “हाय का?”

ती उठली. मांडीवरचे कोंड्याचे कण झटकले. ओसरीवरच्या माणसांनी पाय आखडून तिला वाट दिली. एक पोरगं “व्हय” म्हणालं. कोणी हसलं नाही.

ग्यानबाचं हसू तसंच राहिलं, मग ते कुठं ठेवावं हे त्याला कळेना. तो तिच्या तोंडाकडं बघत होता. ती ऐकत होती, हे त्याला दिसत होतं. नीट, पुरतं ऐकत होती.

“वैनी,” त्यानं तिसऱ्यांदा हाक मारली. आवाज फाटला होता, त्या दिवशीसारखा.

वासरू बांधलेल्या दगडाजवळून, उघड्या दारातून ती बाहेर निघून गेली.