मंगळवारी माझ्याबरोबर कोण यायचं?

माझे बाबा साताऱ्याकडच्या एका गावात शाळेत विज्ञान शिकवतात. ओढ्याकाठच्या चिंचेखाली काहीतरी आहे असं गावात सगळे म्हणायचे, तर बाबांनी मी सात वर्षांची असताना मला तिथेच नेऊन पोळीभाजी खायला लावलेली. अशा घरातली मी. या पेजवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी हसायचे, अगदी मोठ्याने. हा अनुभव लिहितानाही बाबांना काय वाटेल हाच विचार आधी डोक्यात येतोय.

मी ठाण्याच्या एका आर्ट कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. राहायला दिव्याला, आत्याकडे. आत्या आणि काका दोघंही सकाळी सातला कामावर जायचे ते रात्रीच दिसायचे. वर्गातले बहुतेक जण ठाण्यातलेच, शाळेपासूनचे मित्र. वाईट कोणीच नव्हतं, पण कॅन्टीनमध्ये ‘ये, बस’ म्हणणारंही कोणी नव्हतं. कधीकधी दिवसभरात माझा आवाज फक्त ‘एक वडापाव द्या’ एवढ्यापुरता निघायचा.

दर मंगळवारी आम्हाला म्युझियम स्टडी असायचा. खोपटच्या एसटी डेपोपासून चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर छोटंसं संग्रहालय आहे. एकच लांबट हॉल. बिल्डिंगा बांधताना जमिनीखाली सापडलेली दगडी शिल्पं, मडकी, जुनी शेतीची अवजारं. पहिले दोन मंगळवार सगळा वर्ग आला. मग एकाने सगळ्या वस्तूंचे फोटो काढून ग्रुपवर टाकले आणि बाकीचे घरबसल्या चित्रं काढायला लागले. मी मात्र जात राहिले. खरं सांगायचं तर अभ्यासासाठी नाही... तिथे एकटं असणं विचित्र दिसत नाही, म्हणून.

हॉल सांभाळायला सुमनमावशी होत्या. माजिवड्याच्या जुन्या गावातल्या, पन्नाशीच्या. चष्म्याशिवाय पेपर वाचायच्या, आणि थट्टामस्करी त्यांच्या स्वभावातच नव्हती. मी आले की त्या दोन प्लास्टिकची स्टुलं आणून ठेवायच्या. एकावर मी बसायचे, दुसऱ्यावर बॅग. मला वाटायचं, बॅगेसाठीच देतात.

गणपतीनंतरचा एक मंगळवार. मी एका वीरगळीचं, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेचं, ड्रॉइंग करत होते, सकाळचे साडेअकरा वाजले असतील. मावशी मागून येऊन करवादल्या, ‘काय गं बाय, तिला उभी ठेवतेस नि बॅगेला बसवतेस?’

‘कोणाला?’

‘तुझ्या मैतरणीला.’

मी मागे वळून बघितलं. हॉल रिकामा.

‘आता खिडकीकडे गेली ना ती,’ मावशी म्हणाल्या. ‘दर वेळी तशीच उभी असते, तुझ्या खांद्यावरून बघत. कंटाळत पण नाही पोरगी.’

‘मावशी, मी एकटीच येते.’

‘एकटी कशी? दोघी बोलत बोलत जिना चढता. मी ऐकते ना.’

मला राग आला. चित्र काढताना मी पुटपुटते, हे मला माहीत होतं, पण जिन्यात? मी विचारलं, दिसते कशी? त्या म्हणाल्या, ‘तुझ्याच वयाची. पोपटी ओढणी. मला काय विचारतेस?’ आणि निघून गेल्या, मीच त्यांची चेष्टा करतेय अशा आविर्भावात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिते. मला कधीच काही जाणवलं नव्हतं. थंड वारा नाही, वास नाही, पावलं नाहीत... काही म्हणजे काही नाही. त्या दिवशी मी बॅग खाली ठेवली आणि स्टूल रिकामं सोडलं. भीती वाटायला हवी होती ना? मला उलट हात जरा सुटल्यासारखा वाटला. तसं ड्रॉइंग त्याआधी मला कधी जमलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मला टायफॉइड झाला. बाबा येऊन गावी घेऊन गेले. तीन मंगळवार बुडाले. तेवढ्या दिवसांत वर्गातून एकही फोन आला नाही, ग्रुपवरही कोणी विचारलं नाही. बाबा म्हणाले, ‘नाही जमत तर राहू दे. इथे बीएला प्रवेश घेऊ.’ मी हो म्हटलं. मनातून सगळं संपलेलंच होतं. ठाण्याला परत आले ती सामान आवरायला, आणि कॉलेज सोडण्याआधी जमा करायच्या, संग्रहालयातल्या हजेरीच्या कागदावर सही घ्यायला.

जिना चढून वर गेले तर मावशी म्हणाल्या, ‘उतरला का ताप?’

माझ्याकडे त्यांचा नंबर नव्हता. त्यांच्याकडे माझा नव्हता. कॉलेजात मी फक्त ‘घरी जातेय’ एवढंच कळवलेलं.

‘तुम्हाला कोणी सांगितलं?’

‘तिनेच. तिन्ही मंगळवारी आलती. इथेच बसून राहायची एकपर्यंत. पहिल्या दोनदा जाताना मला विचारायची, आज पण नाही आली का हो ती? तिसऱ्यांदा स्वतःच म्हणाली, तिला ताप आलाय.’

मी तिथेच खाली बसून रडले. घाबरून नाही. तीन आठवडे कोणीतरी माझी वाट बघितली होती, एवढंच डोक्यात घुमत होतं. सही न घेताच मी परत आले आणि बाबांना फोन करून सांगितलं, मी शिक्षण सोडत नाहीये.

त्यानंतर मावशींना ती पुन्हा दिसली नाही. मी दर मंगळवारी विचारायचे, त्या नकारार्थी मान हलवायच्या.

आता मी डोंबिवलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मावशींचा गैरसमज झाला असेल, दुसरी कोणीतरी मुलगी येत असेल. असेलही. पण मग ताप तिला कसा कळला?

गेल्या दिवाळीत मावशींच्या घरी गेले. त्या आता रिटायर झाल्यात. म्हटलं, तुम्ही सांगा, मी तिचा चेहरा काढते. दुपारभर बसलो. नाक असं होतं का, कपाळ एवढं होतं का... प्रत्येक कागदाला त्या ‘नाय गं, अशी नव्हती’ म्हणत राहिल्या. शेवटी वैतागून म्हणाल्या, ‘मी तर लांबून बघायची. तुझ्या एवढी जवळ उभी राहायची ती... तू एकदा पण नाही बघितलंस तिच्याकडे?’