गॅलरीतली भरती

दौलतकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गॅलरीत उकिडवे बसून चिखलाने भरलेल्या टबात मूठभर जाडं मीठ कालवत होते. आम्ही नाशिकला नव्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि मी समोरच्या घरी विरजण मागायला गेले होते. वाटी हातात धरून मी बघतच राहिले. मान वर न करता काका म्हणाले, "माझ्या बापानं जन्मभर रानातलं मीठ धुऊन काढलं, पोरी. खारवट जमीन म्हणजे द्राक्षबागेचा काळ. आन मी बघ, विकत आणून घालतोय."

काका मूळचे निफाडकडचे. तरुणपणी नोकरीत कोकणात बदली झाली आणि तिथल्या खाडीकाठच्या गावातून त्यांनी शालूकाकूंना लग्न करून आणलं. सगळा संसार इकडेच झाला. मग काकू विसरू लागल्या. आधी गॅस बंद करायचं, मग शेजाऱ्यांची नावं, मग पुण्याला असलेली मुलगी. शेवटी काकाही विसरले गेले. राहिली ती माहेरची खाडी. संध्याकाळ झाली की पिशवीत दोन साड्या भरून त्या लिफ्टपाशी उभ्या राहत. "मला घरी सोडा हो कुणीतरी. ओहोटी लागली तर होडी रुतेल."

काकांनी त्यांना एकदा गावी नेलंही. पण जुनं घर पाडून भाच्यांनी तिथं इमारत बांधली होती. काकू इतक्या बावरल्या की येताना घाटभर रडत होत्या. त्या सगळ्या प्रवासात एकदाच, खाडीच्या काठाला, त्या एका झाडापाशी थांबल्या. चिखलातून वर आलेल्या मुळांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हा कांदळ." कितीतरी महिन्यांत त्यांनी कशाचं नाव इतकं बिनचूक घेतलं नव्हतं. काकांनी तिथल्या तिथं खाली पडलेल्या तीन शेंगा उचलल्या.

कांदळ म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारी खारफुटी; तिचं बी झाडावरच रुजतं. शेवग्याच्या शेंगेसारखा तो लांब हिरवा कोंब गळून पडला की चिखलात उभा खोचायचा. काकांनी सायखेड्याहून गोदावरीचा गाळ आणला, त्यात वाळू मिसळली, मीठ घातलं. दोन शेंगा कुजल्या. तिसरी नुसती काठीसारखी उभी राहिली. नाशिकच्या कोरड्या उन्हात तिच्याभोवती ओला पंचा गुंडाळून ते रोज तिच्या टोकाला बोट लावून बघत. "जीव हाय हिच्यात. लय हट्टी ही, पण जीव हाय." एका सकाळी टोक उकललं आणि दोन चकचकीत पानं बाहेर आली. काकांनी आमची बेल अशी वाजवली की मला वाटलं, काकूंना काही झालं की काय!

मग काका रोज भरती आणू लागले. सकाळी मगाने टब काठोकाठ भरायचा, संध्याकाळी खालचं बूच काढून पाणी बादलीत उतरवायचं. काकू शेजारी खुर्ची ओढून बसत.

"किती आली हो भरती?"

"गुडघाभरच."

"मग एवढ्या पाण्यात होडी रुतेल. उद्या जाऊ."

"उद्या जाऊ," काका म्हणत. काकूंचं लिफ्टपाशी जाऊन उभं राहणं थांबलं. कधी त्या चिखलात बोटं घालून बसत आणि काका मागाहून कोमट पाण्याने एकेक बोट धुऊन देत.

एका दुपारी काका जिन्याच्या पायरीवर बसलेले दिसले.

"काका, किल्ली विसरलात का?"

"नाय गं. ती म्हणाली, तुम्ही फार केलंत माझ्यासाठी, आता घरी जा, घरचे वाट बघत असतील." ते हसले. "कुठं जाऊ? बसतो जरा. मग बेल वाजवतो, म्हणजे नवा पाहुणा आला असं वाटंल तिला." पण ते हसू टिकलं नाही. चष्मा पुसत म्हणाले, "झाडाचं नाव आठवलं ना तिला. मग माझं बी आठवंल की आज ना उद्या."

रोपाला पानांची दुसरी जोडी आली, तिसरी आली. काकूंच्या तोंडी काकांचं नाव काही आलं नाही.

त्या हिवाळ्यात एका सकाळी चहा गाळता गाळता काका ओट्यापाशीच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पुण्याहून मुलगी आली. काकू आता तिच्याकडेच असतात. टब मी माझ्या गॅलरीत आणून ठेवला आहे. मिठाचा अंदाज मला अजून नीट येत नाही, पानांच्या कडा करपतात.

काका गेले त्या दिवशी त्यांना हॉलमध्ये ठेवलं होतं. मुलीने काकूंना हाताला धरून बाहेर आणलं. मी मनात म्हणत होते, आता तरी. काकूंनी वाकून चेहरा नीट पाहिला. कपाळावर आलेले केस हलक्या हाताने मागे सारले.

"फार भले गृहस्थ होते," त्या म्हणाल्या. मग वळून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, "यांच्या बायकोला कळवलंत का? एकटी असेल हो ती. कुणीतरी जाऊन बसा तिच्याजवळ."

मुलगी तोंडावर ओढणी दाबून आत पळाली. मी उठले आणि काकूंजवळ जाऊन बसले.