बेचाळीस होण्याची घाई

ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तिसऱ्यांदा नापास झाले तेव्हा मी गाडीचा नाद सोडला. शारजात राहायचं, नोकरी जबल अलीला आणि लायसन्स नाही, म्हणजे रोज कुणाच्या तरी मेहरबानीवर जगणं आलं. माझ्या नशिबी आलेला मेहरबान आमच्याच कंपनीतला होता. मी ऑफिसात बसून कंटेनरची कागदपत्रं बघते; तो खाली यार्डात उन्हात उभा राहून तेच कंटेनर इकडचे तिकडे करवून घेतो. मूळचा सिरियाचा, होम्स शहरातला. अल मजाजला आमच्या मागच्याच गल्लीत आणखी तिघांबरोबर फ्लॅट शेअर करून राहायचा. माझ्या नवऱ्याने त्याला आधी चहाला बोलावलं, तासभर प्रश्न विचारले, जणू त्याला मुलगीच द्यायची होती. शेवटी म्हणाला, "माणूस चांगला आहे. जा तू."

मी मनात म्हटलं, आभारी आहे.

गाडीत मी मागे बसायचे. शारजातून दुबईत शिरताना रोज सकाळी गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की गाडी थांबली की हा गृहस्थ आरसा स्वतःकडे वळवतो आणि केसांत बोटं घालून काहीतरी शोधत बसतो. मला वाटलं, स्वारी नखरेल दिसते. एकदा त्याला हवं ते सापडलं आणि तो आनंदाने ओरडला, "सिस्टर, एक और सफेद आया! मबरूक बोलो!"

मबरूक म्हणजे अभिनंदन. मी दर पंधरा दिवसांनी रविवारची सकाळ डोक्यावर काळा लेप थापून घालवणारी बाई. पांढऱ्या केसाबद्दल अभिनंदन करायची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. मी म्हटलं, "पागल हो क्या? कलर करो, अच्छा दिखेगा. शादी होगी."

"शादी बेचाळीस के बाद," तो म्हणाला. हिंदी सगळं मोडकंतोडकं, पण आकडा मात्र आमच्या यार्डातल्या रत्नागिरीच्या माणसांकडून मराठीत उचललेला. "सब कुछ बेचाळीस के बाद."

मग हळूहळू, रोजच्या त्या खोळंब्यात, मला त्याचं गणित कळलं. तिकडच्या नियमाप्रमाणे त्याने कॉलेजनंतर सैन्यातली सक्तीची नोकरी पुरी केली होती. नंतर वडिलांच्या टाइल्सच्या दुकानात बसला आणि दोन वर्षं चार पैसे कमवू म्हणून इकडे आला. पुढच्याच वर्षी तिकडे युद्ध पेटलं. लढायला माणसं कमी पडायला लागली तशी सरकारने पूर्वी सैन्यात जाऊन आलेल्यांना पुन्हा बोलवायला सुरुवात केली. त्याचंही बोलावणं घरी आलं. आईने दारातच सांगितलं, तो इथे राहत नाही. आता तो परत गेला असता तर विमानतळावरूनच त्याला उचलून हातात बंदूक दिली असती, आणि समोर उभी असलेली माणसं त्याच्याच शहरातली असती. पैसे भरून सुटका होते असं काहीजण सांगायचे, पण पैसे भरूनही नेलेल्यांचे किस्से त्याला माहीत होते. बेचाळीस वर्षं पूर्ण झाली की मात्र राखीव यादीतून नाव जाणार, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. म्हणून त्याला म्हातारं व्हायची घाई होती. तोवर घरी जाता येणार नव्हतं, आणि वडील वारल्यापासून घरी त्याची आई एकटी होती.

आईला इकडे का आणत नाहीस, हे मी शहाणपणाने विचारलंच. तर म्हणे, ती घर सोडत नाही. रिकामं घर दिसलं की दुसरं कुणीतरी त्यात येऊन राहतं. तू आलास की कुठे येशील, असं तीच त्याला उलट विचारायची.

त्यांच्याकडे सकाळी थोडा वेळ वीज यायची. तेवढ्यात ती फोन करायची आणि तो स्पीकरवर टाकायचा. त्यामुळे आमच्या गाडीत रोज तिघं असायचो. तिला माझा आवाज ओळखू यायला लागला. मला ती 'बिन्ती' म्हणायची, माझी पोरगी. माझ्या पंचेचाळिशीत मला पोरगी म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे मी लगेच विरघळले. तो खाल्लं सांगतो ते खरं आहे का, असं ती मला विचारायची आणि तो भाषांतर करताना आपल्या सोयीचं करायचा.

युद्धाबद्दल ती कधीच बोलायची नाही. गल्लीतल्या गैरसोयींबद्दल बोलायची. बल्बचा होल्डर गेलाय आणि इलेक्ट्रिशियनला नेलंय. आजची रोटी जाड आणि कच्ची होती, कारण बेकरीवाल्याला पिठाची गोणी घेऊन येताना सैन्याच्या नाक्यावर बसमधून उतरवून घेतलं आणि भट्टीवर आता त्याचे सत्तरीतले वडील उभे राहतात. न्हाव्याचं दुकान बंद आहे, बायकाच पोरांचे केस कापतायत आणि सगळी पोरं भयंकर दिसतायत. शाळेत चित्रकलेचा तास नाही, मास्तरांनाही नेलं. तो हे सगळं मला हसत हसत सांगायचा. मीही हसायचे, आणि मग ऑफिसात कागद बघता बघता एकदम लक्षात यायचं की आपण कशाला हसलो.

एकदा घरी जेवताना मी आमच्या बिल्डिंगमधल्या माणसांचा विचार करत बसले. उद्या असं बोलावणं आलं तर कोण कोण जाईल? सहाव्या मजल्यावरचे इन्कम टॅक्सवाले, जिममध्ये फक्त फोटो काढणारा तो आयटीवाला, खालच्या ग्रोसरीतला. मग आमचे हे. एसी दुरुस्तीच्या कंपनीत मॅनेजर, बीपीची गोळी, चष्म्याशिवाय स्वतःची बायको ओळखणार नाहीत.

मी हे बोलून दाखवलं तर लेक म्हणाली, "आई, दॅट्स सो डार्क. बाबा कान्ट ईव्हन किल अ कॉक्रोच."

"झुरळ मारायला ट्रेनिंग देत असतील," नवरा म्हणाला आणि पुन्हा आमटी घेतली. मला मात्र त्याच्या त्या आमटी घेणाऱ्या हाताकडे बघून खरोखर भीती वाटली. असल्याच हातांना नेतात.

तिकडचं नेट इतकं कमजोर की व्हिडिओ कॉल कधी धड लागायचा नाही. फोटो तेवढे जायचे. एकदा यार्डात मीच त्याचा छान फोटो काढला, कंटेनरच्या रांगेसमोर, डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट. त्याने तो आईला पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्पीकरवर नुसतं रडणं. हेल्मेट बघून तिला वाटलं होतं की तिच्या पोराला इकडेही कुणीतरी सैन्यात घातलं. तो गाडी चालवता चालवता समजावतोय, अम्मा, हे कंटेनरसाठी आहे, लोखंड डोक्यावर पडू नये म्हणून. आणि तिला ते पटत नाहीये. शेवटी मी त्याच्याचकडून शिकलेली शपथ घालून मागून ओरडले, "अम्मा, वल्ला, नो आर्मी! ऑफिस! ऑफिस!" तेव्हा ती जरा शांत झाली.

त्यानंतर तिला हेल्मेटचे फोटो बंद. माझ्या नवऱ्याने त्याला मराठी मंडळींच्या क्रिकेट स्पर्धेची निळी टोपी दिली होती, ती घालून तो फोटो पाठवायला लागला. टोपी का? तर केस दिसू नयेत म्हणून. आमच्यापुढे पांढऱ्या केसांचा एवढा तोरा, पण आईला ते दिसू द्यायचे नव्हते. मी त्याला यावरून खूप छेडलं. तो म्हणाला, "अम्मा का लडका काला बाल लेके गया. वैसाच वापस जाएगा."

बेचाळीसला काही महिने उरले असताना, डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आमची बेल वाजली. मी नेमकी डोक्यावर लेप घेऊन बसलेले. दारात तो, हातात मिठाईचं मोठं ताट, आणि डोळे लाल. तिकडचं सरकार पडलं होतं. आदल्या रात्री तो झोपलाच नव्हता. सोफ्यावर बसला आणि एकदम लहान पोरासारखा रडायला लागला. माझ्या नवऱ्याला माणसं रडली की काय करावं सुचत नाही, त्याने त्याच्या हातात टीव्हीचा रिमोट दिला.

"अब जाएगा घर?" मी विचारलं.

"इन्शाल्ला," तो म्हणाला. पण बातम्यांवर त्याचा विश्वास नव्हता. बातम्या फिरतात. नवं सरकार आता सक्तीने कुणाला सैन्यात घेणार नाही असं पुढच्या काही दिवसांत टीव्हीवर सांगितलं गेलं, तरी तो आपला इन्शाल्लाच्या पुढे जाईना. मग एका सकाळी गाडीत आईचा फोन आला. ती नेहमीसारखी गल्लीतलं सांगत होती. इलेक्ट्रिशियन चालत घरी आला, दुसऱ्या कुणाचे तरी कपडे अंगावर, पायांना फोड. आला त्या संध्याकाळीच त्याने तिचा होल्डर बदलला. न्हाव्याने शटर उघडलं. बेकरीवाला आला नाही, त्याचे वडील अजून रोज भट्टीशी उभे राहून रस्त्याकडे बघतात.

त्याने गाडी कडेला घेतली, धोक्याचे दिवे लावले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "खलास, सिस्टर," तो म्हणाला. "खलास. अब जाएगा घर."

विमानं सुरू व्हायला थोडा वेळ लागला. रजा मिळून तिकीट हातात आल्यावर त्याने आरशात बघितलं आणि म्हणाला, "इतना सफेद किया, सब फुकट." मग जरा लाजत विचारलं, मी कुठला कलर वापरते.

निघायच्या आदल्या शनिवारी आमच्या बाल्कनीत कार्यक्रम झाला. मी बाईमाणूस, तेव्हा हातमोजे घालायचं काम नवऱ्याकडे आणि हुकूम सोडायचं माझ्याकडे. एसीच्या डक्टला सील लावावं तसा तो डोक्याला कलर लावत होता. कान काळे केले, कपाळ काळं केलं, बाल्कनीची फरशी अजून काळी आहे. "अहो, केसांना लावा, माणसाला नको!" मी ओरडत होते. लेक फोटो काढत होती. धुऊन झाल्यावर मात्र लेकीने मोबाइल खाली घेतला. समोर एक तरणा पोरगा बसला होता. मला तोवर कळलंच नव्हतं की इथे आला तेव्हा तो किती लहान असेल.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी टॅक्सीत होते, मीटर बघून जीव खालीवर होत होता, तेव्हा त्याचा फोन आला. मी म्हटलं, "अम्मा मिला? क्या बोला?"

तो म्हणाला, दारात आईने त्याला घट्ट धरलं, मग बाजूला करून टोपी काढली आणि डोकं बघितलं. आणि घाबरली. पांढरे केस कुठे गेले, म्हणाली. तिला सगळं माहीत होतं. या टोपीखाली काय चाललंय ते आईला कळणार नाही, असं फक्त त्यालाच वाटत होतं. गल्लीतून नेलेली सगळी काळ्या केसांचीच होती, म्हणून ती इतकी वर्षं रोज नमाजानंतर मागायची की माझ्या पोराला लवकर म्हातारा कर. आता तिने त्याला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून त्यांच्याकडच्या हिरव्या साबणाने दोनदा डोकं धुतलं होतं आणि रंग निघत नव्हता. सक्ती गेली म्हणून ती दहादा ऐकून होती, पण काळं डोकं घेऊन त्याला दाराबाहेर पाठवायची तिची तयारी नव्हती.

तेवढ्यात फोन तिने घेतला. "बिन्ती," ती म्हणाली, आणि बाकीचं तो मागून सांगत राहिला. हा रंग कशाने जातो, असं ती विचारत होती.

यातलं सगळं मला माहीत आहे. मी म्हटलं, "अम्मा, धोने से नहीं जाता. नीचे से नया सफेद आएगा तभी. दो-तीन महिना तो लगेगा."

त्याने तिला सांगितलं. ती ठामपणे काहीतरी बोलली आणि तो हसायला लागला.

"क्या बोली?" मी विचारलं.

"बोलती है, मॅनेजर को बोल दो," तो म्हणाला. "सफेद आने तक लडका घर पे रहेगा."

मी ऑफिसात पोचल्याबरोबर बॅग टेबलावर टाकली आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन तसंच सांगितलं.