सगळ्यांना एका सतरंजीवर बसवणारे डॉक्टरसाहेब

गौरवग्रंथाच्या समितीने मला बजावले आहे, की प्रसंग आनंदाचा आहे, लेखही तसाच हवा. साठी काही रोज येत नाही, हे मलाही कळते. पण डॉ. नीळकंठराव उमाळे यांच्याबद्दल मी लिहायचे आणि माझ्या भावाबद्दल लिहायचे नाही, हे होणे नाही. समितीने मोठ्या मनाने चालवून घ्यावे.

डॉक्टरसाहेबांना मी प्रथम पाहिले ते अकोल्याच्या आमच्या शाळेत. त्यांचा मुलांचा दवाखाना अमरावतीला. आठवड्यातून एकदा ते गाडीने अकोल्याला येत आणि शाळाशाळांतून वांड ठरलेली मुले पाहत. मुलाला ताप आला तर डॉक्टर. मूल जागेवर बसत नाही म्हणून डॉक्टर, हे ऐकून लोक तोंडावर हसत. माझा धाकटा भाऊ बबन दुसरीत होता आणि वांडांत त्याचा नंबर वरचा होता. पाटीवर दोन अक्षरे काढली की तो उठे, खिडकीशी जाई, येताना कुणाचे तरी दप्तर उलटे करून येई. गुरुजी छडी मारीत, तो रडे आणि रडणे संपायच्या आत पुन्हा उठे. त्या दिवशी डॉक्टरसाहेब मुलांच्या मागे भिंतीशी मांडी घालून सकाळभर बसले. मी वरच्या वर्गातली, दारातून बघत होते. कोट घातलेला माणूस आमच्यात जमिनीवर बसलेला मी तोवर पाहिला नव्हता.

निघताना ते गुरुजींना म्हणाले, "पोरगं वाईट नाही. त्याच्या अंगातली घाई त्याच्या ताब्यात नाही, आणि ती मारून जायची नाही. पुढे बसवा, थोडंथोडं काम द्या, मधेच पाणी आणायला, पाट्या वाटायला उठवा. हळूहळू बसेल." गुरुजींनी मान डोलावली. डॉक्टरसाहेबांना परतीची गाडी गाठायची होती. आमचे घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर होते, पण तिकडे ते आले नाहीत.

गुरुजींनी घरी धाडलेल्या निरोपातून मधले सगळे गळून गेले. "डॉक्टर म्हणाले, पोरानं बसलं पाहिजे," एवढेच आमच्या दाराशी पोचले. माझे वडील सरकी काढायच्या जिनात कामाला होते. माय वावरात तण निंदायला आणि कापूस वेचायला जाई. आदल्याच वर्षी दोघे नागपूरहून दीक्षा घेऊन आले होते. घरातल्या देवांच्या तसबिरी उतरल्या होत्या, आणि त्यांच्या जागी सगळी आशा शाळेवर होती. वडील म्हणत, "आपल्या पोट्ट्याले शाळेतून काढलं, त मंग आपलं पुन्हा सारं तेच." या एका धास्तीने मायच्या डोळ्याला डोळा लागत नसे.

आणि तिच्याजवळ एक इलाज होता. वावरात कामाला जाणाऱ्या कुठल्याही जातीच्या बाईजवळ तो असे. धुऱ्यावर, बांधाच्या झाडाला बांधलेल्या झोळीत मूल निजवायचे, तर बोटाच्या टोकाने त्याला अफूचा कण चाटवायचा. आम्ही दोघे त्यावरच वाढलो होतो. माय सकाळी गुळाबरोबर बबनला कण देऊ लागली. बबन बसू लागला. गुरुजी खूष झाले, मग पाणी आणायला उठवण्याची गरजच उरली नाही. डॉक्टरसाहेब पुन्हा आले तेव्हा तो पेंगत होता. त्यांनी त्याची हनुवटी उचलून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "घरी झोपतो ना नीट?" गुरुजी म्हणाले, "सुधरला जी. तुमच्या हाताले गुन आहे." डॉक्टरसाहेबांचे समाधान झाले नाही. पुढच्या खेपेला याच्या घरी जायचे, असे ते म्हणाले आणि गाडीसाठी निघाले.

मधल्या दिवसांत शाळेची तपासणी आली. डिप्टीसाहेब येणार म्हणून गुरुजींनी सांगून पाठवले, की उद्या पोरगा गप बसणार असेल तरच पाठवा, नाहीतर घरी ठेवा. घरी ठेवला तर नाव कमी होईल, असे मायने धरले. त्या सकाळी तिने कण नाही, गोळी दिली. बबन पहिल्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता. डिप्टीसाहेबांनी त्याच्याकडे बोट दाखवून, मुले अशी शांत हवीत, असे म्हटलेले मी माझ्या कानांनी ऐकले. शाळा सुटली, सगळी मुले उठली. बबन उठला नाही.

डॉक्टरसाहेब पुढच्या खेपेला खरेच आमच्या घरी आले, तेव्हा अंगणात माणसे बसलेली होती. मायने उठून निरोपापासून गोळीपर्यंत सारे सांगितले आणि सगळ्यांदेखत त्यांना विचारले, "मीनं मारलं का जी त्याले?" अडाणीपणावर दोन शब्द सुनावून ते मोकळे होऊ शकले असते. तशी माणसे मी पुढे पुष्कळ पाहिली. डॉक्टरसाहेब म्हणाले, "नाही, माय. मी शाळेत दोनदा आलो आणि तुमच्या दारात एकदाही नाही. तुम्हाला सांगायचं ते मी दुसऱ्याच्या हाती देऊन गेलो. ही चूक माझी आहे." मग ते आमच्या अंगणातच बसून राहिले. त्यांची गाडी त्या दिवशी त्यांना न घेताच गेली.

त्यानंतर त्यांनी जी रीत धरली, ती आज अमरावती-अकोल्याकडच्या कितीतरी शाळांत चालते. शाळेच्या ओसरीवर एक सतरंजी अंथरायची. गुरुजी, मायबाप आणि डॉक्टर तिच्यावर बसल्याशिवाय मुलाबद्दल अवाक्षर बोलायचे नाही. एकदा एक बाई गुरुजींच्या बरोबरीने बसायला धजेना, खालीच बसली. डॉक्टरसाहेबांनी सतरंजी गुंडाळून बाजूला ठेवली आणि सगळेच खाली बसले. त्यांचा पहिला प्रश्न आईला असतो, आणि तो एकच: "घरी याला काय देता?" आवाज चढलेला नसतो, म्हणून बाया खरे सांगतात.

पुढे मला मास्तरीणबाई करण्याची खटपट त्यांनीच केली. माझ्या वर्गात एक मुलगी होती, क्षणभर न टिकणारी. बापाने तिच्या पायाला ओढाळ गुराचे लोढणे बांधून तिला शाळेत आणले. डॉक्टरसाहेबांनी खाली वाकून दोर सोडला, लाकूड बाजूला ठेवले आणि बापाला सतरंजीवर बसवून विचारले, "तुमचं लहानपण कसं गेलं?" त्या गड्याने स्वतःच्या घोट्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "मीबी असाच होतो जी. मलेबी बांधत." त्या घरात लोढणे पुन्हा बांधले गेले नाही. मुलगी चौथीपर्यंतच शिकली. सगळी मुले मार्गी लागली, असे खोटे मी लिहिणार नाही. कित्येक घरांनी डॉक्टरसाहेबांना दारातूनच परत लावले आहे.

आता त्यांना दम लागतो, जिना चढवत नाही. तरी अकोल्याला आले की ते आधी मायकडे जातात आणि कोरा चहा घेऊन मगच शाळेत जातात. पहिली कित्येक वर्षे माय चहा पुढे ठेवी आणि आत निघून जाई. चहा थंड झाला तरी ते तो पिऊनच उठत. अलीकडे ती समोर बसते.

त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, असे मी आपल्या सर्वांच्या वतीने इच्छिते. पण हे वाक्य लिहिताना मलाच ते कोरडे वाटले, म्हणून मी मायला विचारले, तुझ्याकडून काय लिहू? ती सुपातले निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "लिही, माह्या बबनचं जे जगनं राहून गेलं, ते सारं त्यायले लागो."