संघमित्राचं मनगट

संघमित्राचं उजवं मनगट जरा वाकडंच आहे. अमेरिकेत, अर्विंगमधल्या तिच्या पिझ्झाच्या दुकानात येणाऱ्या पोरांना वाटतं, पीठ मळून मळून झालं असेल. कसलं काय! ते मनगट तिच्या नवऱ्यानं, प्रफुल्लनं, दारात चेमटून मोडलं होतं. त्याच्या नोकरीपायी तेव्हा दोघं जपानात, फुकुओकाला राहत होती. ऑफिसच्या पार्टीत ती कोणाशी तरी हसून बोलली, एवढंच कारण. डॉक्टरला सांगितलं, पडले. पुढे दात हलला तेव्हाही पडले. पोरगी पायल बोलायला लागली, तर तिलाही पढवलं, कोणी विचारलं तर आई पडली म्हणायचं. नागपूरची एमएस्सी झालेली बाई, पण भीतीपुढे डिग्री काय चाटायचीय?

त्यांच्या घराखाली एका म्हाताऱ्याचं पिझ्झाचं दुकान होतं. चार स्टुलं आणि एक भट्टी, बस्स. प्लास्टर निघाल्यावर त्यानं काही न विचारता तिच्यापुढे पिठाचा गोळा ठेवला आणि मळ म्हणून खूण केली. मळता मळता हात मोकळा झाला, हुन्नरही आला. मका आणि मेयोनीज घातलेला तोच पिझ्झा आज अर्विंगची मराठी मंडळी मिटक्या मारत खातात.

अमेरिकेत आल्यावर प्रफुल्लनं एकदा पायलवर हात उगारला. त्या दिवशी ती पोरीला घेऊन निघाली ती निघालीच. पुढे तो ओहायोत, डब्लिनला गेला आणि हिनं दुकान टाकलं. दुकानाचा पत्ता त्याला कळू द्यायचा नाही, एवढं एकच तिनं ती जायची त्या बुद्धविहारातल्या सगळ्यांना हात जोडून सांगितलं होतं.

आणि विहारातल्या वीणाकाकूंनी नेमका तोच पत्ता त्याला दिला. काकू मनानं वाईट नाहीत हो, पण दुसऱ्यांचे संसार सांधायची भारी हौस. प्रफुल्ल फोनवर रडला आणि काकू विरघळल्या. रविवारी भर दुपारी स्वतः ड्राइव्ह करून त्याला विमानतळावरून थेट दुकानात घेऊन आल्या, वर हातात केक.

"सरप्राइज," काकू म्हणाल्या. "झालं गेलं विसरा आता. पायलसाठी तरी ॲडजस्ट कर, बाई."

"काकू, याला बाहेर न्या," संघमित्रा म्हणाली.

"चार लोकांत माझी शोभा करतेस?" असं म्हणत प्रफुल्लनं काउंटरपलीकडून तिचे केस धरले आणि तिचं तोंड फरशीच्या ओट्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. नाक फुटलं, मळलेल्या पिठावर रक्त सांडलं. गिऱ्हाईकं खुर्च्या पाडत पळाली. काकूंनी त्याचा दंड धरला, तर त्यानं असा हिसडा दिला की त्या केकसकट भुईवर. मग तो आत शिरला, तिच्या पोटात लाथ घातली, आणि टेबलाखाली लपलेल्या पायलला पाय धरून ओढू लागला.

तेव्हा संघमित्रानं भट्टीतून पिझ्झा काढायचं लांब दांड्याचं फावडं उचललं. पहिला फटका त्याच्या गुडघ्यावर, दुसरा जबड्यावर. तो कोसळला. तिसरा तिनं डोक्यावर उगारला होता, आणि तो बसता तर माणूस मेलाच असता. पण पायल बघत होती. तिनं फावडं खाली टाकलं.

पोलीस आले. काय झालं, म्हणून विचारलं.

"ममा फेल डाउन," पायल टेबलाखालून म्हणाली.

मार खाताना संघमित्रा रडली नव्हती, ती आता रडली. पोरीसमोर फतकल मारून बसली.

"नाही गं बाळा. आई पडली नव्हती. कधीच पडली नव्हती. पप्पा मारायचा."

पायलनं जबडा धरून विव्हळणाऱ्या बापाकडे पाहिलं. "देन पप्पा फेल डाउन?"

"नाही. त्याला मी मारलं," संघमित्रा म्हणाली, आणि तेच इंग्रजीत पोलिसालाही सांगितलं.