अण्णांच्या तळघराची फाईल

बांधकाम परवानगीच्या फाईलमध्ये अर्ज लागतो, नकाशा लागतो, उतारा लागतो. किस्से कुठे लावायचे ते मात्र कोणी सांगत नाही. नाशिकरोडला आर्किटेक्टच्या ऑफिसात मी सतरा वर्षं या फायली करतेय, त्यामुळे ते सगळे माझ्या डोक्यात! एकट्या अण्णांचेच इतके आहेत की काही विचारू नका.

अण्णा मूळचे नांदगावकडचे. सातपूरच्या कारखान्यातून रिटायर झाले. पहिल्यांदा आले ते पेढे घेऊनच.

"ताई, तळघरात भाडेकरू ठेवायचाय. परवानगी काढून द्या."

"काढू की. बांधायला कधी घेताय?"

"बांधून झालं ना! हे वास्तुशांतीचेच पेढे."

मी कपाळावर हात मारला. पेढा खाल्ला, मग सांगितलं, "अण्णा, तळघराला परवानगी मिळते ती सामान ठेवायला, गाडी लावायला. माणसं राहायला नाही."

"मग सामान म्हणून लिहा!"

* * *

झालं, आमच्या आर्किटेक्ट सरांनी नकाशा मागवला. वर 'स्टोअर' लिहिलेलं, आत ओटा, बेसिन, कोपऱ्यात संडास.

सर म्हणाले, "अण्णा, स्टोअरला संडास कशाला?"

"मग काय सामानाला बाहेर पाठवू?"

सर चष्मा पुसायला लागले. हसू आलं की ते चष्मा पुसतात.

* * *

मला रागच यायचा. एक दिवस मीच म्हणाले, "कशाला एवढा हट्ट करता हो?"

अण्णांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "आमची लेक मनीषा सासरहून परत आलीय. कायमची. संगं तिची चार वर्षांची पोरगी. तळमजल्यावर आम्ही, वरच्या दोन खोल्यांत त्या दोघी. उरलं तळघर. आमच्या मागं तिला भाडं येत राह्यलं पायजे. कुणापुढं हात पसरायला नको. अन् कागद पक्का पायजे, ताई. उद्या कुणी येऊन भाडेकरूला बाहेर काढलं तर?"

त्यानंतर मी त्यांच्यावर चिडायचं सोडलं. म्हणजे, कमी केलं.

* * *

मग सर स्वतः जागा बघायला गेले. सोबत मी. अण्णा तळघराची जाहिरात करत होते.

"सर, गारवा बघा. उन्हाळ्यात एसी नको!"

"आणि पावसाळ्यात?"

अण्णांच्या बायको, शकुंतलाकाकू, पायरीवर गुडघे चोळत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "पावसाळ्यात नळ नको!"

अण्णांनी असं काही बघितलं त्यांच्याकडे!

* * *

तपासणीला महापालिकेचे साहेब आले. माणूस सरळ, नियमाला पक्का. अण्णांनी तळघरात जुनी सायकल, पत्र्याच्या पेट्या, कसली कसली पोती रचून ठेवलेली. ओट्यावर चादर टाकलेली. साहेबांनी वरूनच डोकावून बघितलं, मान हलवली आणि तळमजल्यावरच खुर्चीत बसले. आम्ही सुटलो म्हणणार, तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. तळघराच्या जिन्यातून!

साहेबांनी ट्रेकडे बघितलं. "चहा खालून आला?"

काकू खुशीत म्हणाल्या, "नव्या ओट्यावरचा पयलाच चहा हाय, साहेब!"

साहेबांनी कपाला हात लावला नाही. ओटा तोडायला लावला, संडास काढायला लावला. जाताना मात्र शांतपणे म्हणाले, "अण्णा, स्टोअर म्हणजे रोज ज्याचं काही काम पडत नाही, ते ठेवायची जागा. एवढं लक्षात ठेवा."

अण्णा म्हणाले, "ठेवतो."

* * *

चार महिन्यांनी अण्णा पुन्हा हजर. या वेळी पेढे नाहीत, बरोबर मनीषा.

"तळमजला वेगळा करायचाय. बाहेरून दरवाजा. भाड्यानं द्यायचा, मनीषाच्या नावानं."

हे नियमात बसत होतं. नकाशा मंजूर झाला, काम झालं. बँकेतलं एक जोडपं राहायला आलं. रजिस्टर करार झाला, पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद झाली. सगळं अगदी पक्कं.

"आणि तुम्ही दोघं?" मी विचारलं होतं.

"आमचं काय, गावाकडं घर हाय की." अण्णा दुसरीकडे बघत म्हणाले. मनीषा खाली मान घालून सह्या करत होती.

शेवटच्या तपासणीला तेच साहेब आले. तळमजला बघितला, मापं जुळली. मी मनात म्हटलं, सुटलो बाई एकदाचे! तर साहेब म्हणाले, "जाता जाता स्टोअर बघून घेऊ."

आम्ही खाली उतरलो. सायकल नव्हती, पोती नव्हती. दोन खाटा, मधे स्टूल, स्टुलावर औषधांचा डबा. ओट्याच्या जागी नुसती भिंत, तिच्यावर देवाची तसबीर. एका खाटेवर काकू, दुसरीवर अण्णा.

साहेबांनी खाटा बघितल्या, औषधांचा डबा बघितला. मग म्हणाले, "अण्णा, इथं कोण राहतं?"

"कुणी नाय, साहेब." अण्णा उठून उभे राहिले. "तुम्हीच म्हणला होता ना, रोज ज्याचं काही काम पडत नाय ते इथं ठेवायचं. तेच ठेवलंय."

मला कुठे बघावं कळेना. साहेबांनी हातातली फाईल मिटली आणि काकूंच्या खाटेच्या कडेला बसले.

"काकू, चहा मिळेल का?"

काकूंनी भिंतीला धरून एकेक गुडघा सरळ केला.

"मिळंल की! पण थांबावं लागंल हं, साहेब. वरून आणते."