उशिरा उघडलेली मूठ

"आबांनी माझ्यावर अक्षता टाकल्या का, तेवढं बगून सांगा ताई," ती म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली. भाजे गावातली मुलगी, दिलेली कुरवंड्याला. मुलगा तिनं स्वतः पसंत केलेला, म्हणून आबांनी, तिच्या आजोबांनी, तिच्याशी अबोला धरला होता. लग्नाला आले, पुढच्या रांगेत बसले, बोलले मात्र नाहीत. लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेले. आता विचारायचं कुणाला? म्हणून ती लोणावळ्याला, माझ्या एडिटिंगच्या खोलीत आली होती.

लग्नाचे व्हिडिओ जोडते मी, माणसांची मनं नाही. त्यात दुसऱ्या कॅमेऱ्यावरच्या शहाण्यानं आवाजच चालू केला नव्हता. दोन्ही कॅमेरे जुळवायचे ते नुसत्या नजरेनं. अशा वेळी मी शेवटचं ‘सावधान’ धरते. अक्षता उडतात ती फ्रेम दोन्हीकडे शोधायची आणि समोरासमोर लावायची. पहिल्या कॅमेऱ्यात नवरानवरीवर अक्षता पडत होत्या. दुसऱ्यात आबा अगदी समोर होते, मागची माणसं पुसट. आबांच्या हातून अक्षता सुटल्या ती फ्रेम मी लावली आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी चालवली.

"टाकल्या की गं!" मी म्हणाले. ती रडायलाच लागली. माझा जीव भांड्यात पडला.

मग मला ताशेवाला दिसला. तो दोन्ही चित्रांत होता. डावीकडे, पहिल्या कॅमेऱ्यात, त्याची काडी ताशावर नुकती पडत होती, उजवीकडे तो केव्हाचा बडवत होता. तिच्या काही लक्षात आलं नव्हतं. गप्प बसावं असं फार वाटलं, पण खरं विचारायलाच तर ती आली होती.

"थांब जरा, जुळलं नाहीये."

काडीसमोर काडी आणून चित्रं पुन्हा चालवली. अख्ख्या मांडवानं अक्षता उधळल्या. आबांची मूठ मिटलेलीच. तिच्याकडे बघायची हिंमत होईना. बंद करायला हात पुढे केला, तर तिनं तो धरला. चित्रं चालत राहिली. हार घातले गेले, टाळ्या झाल्या. आबा तिच्याकडे बघत बसले होते. मग त्यांनी एकट्यानंच मूठ उघडली. अक्षता पुढ्यातल्या सतरंजीवर पडल्या.

"आबांचा हात अलीकडे आणून सगळ्यांबरोबर लावता येईल," मी म्हणाले. "कुणाला कळायचं नाही."

"नको," ती म्हणाली. "रुसले व्हते ते माझ्यावर. उशीर तसाच ऱ्हाऊ द्या."